वसुबारसेची हजेरी

गेले ना दिवे? जाऊ द्या. वारा सुटलाय, तासाभरात काही येत नाहीत. पूजा, तू ब्रश खाली ठेव गो. मेणबत्तीच्या उजेडात गणपतीचे डोळे आखलेस तर बाप्पा तिरळा बघायचा, आणि बोलणी मला बसायची. साहिल, दार लोटून घे आणि इकडे बस. भिंतीकडे पाठ करून बसलास तरी चालेल, तुझा धीर मला माहीत आहे.

वाऱ्यावरून आठवलं म्हणून सांगतो. माझा साडू गोरख. रोह्याच्या खाली कुंडलिकेच्या खाडीवर त्याची वाडी आहे. पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडा, पण त्याला विचारायला जाऊ नका. तो उठून आत निघून जातो.

वाडीनं गोरखकडे एक काम सोपवलेलं. समुद्रावर वारा बिघडला की हवामान खात्याचा इशारा फोनवर येतो. वाऱ्याचा वेग इतका, झोत इतके, मच्छीमारांनी पाण्यात जाऊ नये. पण खाडीच्या तोंडाशी गेलेल्याला कुठली आलीय रेंज? म्हणून वाडीची जुनी रीत चालू होती. बंदरावरच्या खांबावर दिवा चढवायचा आणि कर्ण्यावरून एकेका होडीवाल्याचं नाव घ्यायचं. जो काठाला लागला असेल त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, "लागलो." शेवटचा "लागलो" ऐकल्याशिवाय दिवा उतरवायचा नाही. ऐकला की लगेच उतरवायचा, नाहीतर झोतानं फुटतो.

आता त्यात घोटाळा कसा झाला ते ऐका. वाडीतला सखा धाटावच्या कारखान्यात कंत्राटी कामाला. शिफ्टला जोडीदार दोन मिनिटं मागं राहिला की त्याच्या नावाला आपणच "हजर" म्हणायचं, ही तिकडची सवय. गेल्याच्या आदल्या दिवाळीत असाच इशारा आला होता. भिजत उभी होती माणसं. मंगळ्याचं नाव आलं तेव्हा त्याची होडी लांब दिसत होती म्हणे. सखा बोलून गेला, "लागलो!"

गोरखनं आवाज ओळखला होता. हे मला त्यानं एकदाच सांगितलं, रडत. आवाज मंगळ्याचा नाही हे त्याला कळलं होतं. पण अंग गारठलेलं, घरी जायची घाई. त्यानं दिवा उतरवला.

मंगळ्या आलाच नाही. चार दिवसांनी होडी सापडली, पालथी. तो नाही सापडला, होडीचा दोरही नाही. बायको चिमा त्यानंतर रोज संध्याकाळी बंदराच्या पायरीवर येऊन बसायची. गोरख तिच्यासमोरून मान खाली घालून जायचा.

आणि मग गेल्या वर्षीची वसुबारस.

गोरख त्या दिवशी पेणला गेला होता, दिव्याची बॅटरी बदलून आणायला. साडेपाचला एसटी स्टँडवर चहा घेताना फोन वाजला. अरबी समुद्रात वारा ताशी पंचेचाळीस ते पंचावन्न, झोत पासष्टपर्यंत. त्यानं घरी फोन लावला. वैशाली, त्याची बायको, म्हणाली, "प्रदीप दुपारीच गेलाय हो. जाळी तोंडाशी टाकलेली, ती काढून येतो म्हनला."

प्रदीप म्हणजे एकुलता एक. चहा तसाच राहिला.

बॅटरी मांडीवर घेऊन तो रोह्याला आला, तिथून कुणाच्या तरी मोटारसायकलवर बंदरावर. आठ वाजून गेले होते. बारस म्हणजे नऊला भरती पूर्ण. त्या भरतीबरोबर जो आत आला तो आला, मागाहून ओहोटी पुन्हा बाहेर ओढते. गोरखनं दिवा चढवला. पाच होड्या बाहेर होत्या.

पावणेनऊला त्यानं कर्णा हातात घेतला.

"जनू!"

"लागलो!"

"विठू!"

"लागलो!"

"गणेश!... सखा!"

दोघंही लागले. सखाही त्या दिवशी सुट्टीचा पाण्यात होता. राहिला एक.

"प्रदीप!"

वारा. दिवा खांबावर आपटत होता.

"प्रदीप...!"

"लागलो."

खालच्या अंधारातून आलं. माणसं हसली. जनू म्हणाला, "आला तुजा पोरगा. उतरव दिवा, फुटंल."

गोरखचा हात दोरीवर होता. तो तिथंच राहिला. कारण तो आवाज प्रदीपचा नव्हता.

"कोन बोललं?" त्यानं विचारलं.

कोणीच नाही. चौघं तर वर उभे होते. सखानं आपल्या तोंडावर हात ठेवला. "मी नाय, गोरखदादा. चिमाची शपथ, मी नाय."

"प्रदीप!" गोरख कर्णा टाकून ओरडला.

"लागलो."

या वेळी जवळून. खालच्या पायरीवरून. पायरी पाण्याखाली होती.

चिमा रोजच्यासारखी वरच्या पायरीवर बसलेली होती, ती उठून उभी राहिली. इतकंच म्हणाली, "त्यांचाच हाय..."

जनू पळाला. विठू, गणेश पळाले. सखा तेवढा तिथंच खाली बसला.

गोरखला मग सगळं कळलं. मंगळ्याच्या नावाला दुसरा बोलला, दिवा गेला, आणि मंगळ्या गेला. आता प्रदीपच्या नावाला मंगळ्या बोलत होता. गोरखनं फक्त दिवा उतरवायची खोटी होती.

त्यानं दोरी खांबाला दुहेरी बांधली. खांबाला मिठी मारली. नऊ वाजले. पाणी थांबलं. मग खाली उतरायला लागलं.

"लागलो," पाण्यातून. "लागलो... लागलो..."

गोरख भ्यालेला होता, पोरांनो. सांगायला लाज कसली. त्याचं धोतर ओलं झालं, ते पावसानं नाही. पण हात सुटले नाहीत. वर्षभर न घेतलेलं नाव त्यानं घेतलं.

"मंगळ्या! मी ओळखला होता रं आवाज! ओळखून दिवा उतरवला! चुकलो... मंगळ्या!"

आवाज थांबला.

वाराही थांबल्यासारखा वाटला.

"मंगळ्याऽऽ!"

आणि लांबून, खाडीच्या काळोखातून, बारीक...

"लागलोऽऽ..."

हा आवाज प्रदीपचा होता.

गोरख खाली कोसळला. त्याला वाटलं, पोर तिकडे गेलं. मंगळ्या होता तिथं गेलं.

दहाला पाच कमी असताना होडीचं लाकूड पायरीला घासलं. प्रदीप. जिवंत. गोरखनं त्याला वर येऊ दिलं नाही. तीनदा नाव विचारलं, तीनदा त्याच्या तोंडून ऐकलं, मग हात दिला.

"दिवा दिसला म्हनून आलो, बाबा," प्रदीप म्हणाला. "वल्ही मारून हात गेले."

"मी हाका मारल्या तुला. ओ का नाय दिलीस?"

"माजं नाव आईकूच आलं नाय. एकच हाक आली, मंगळ्याची. म्हनलं, कुनाचं का असंना, तुमाला कळंल मी हाय... म्हनून मीच बोललो, लागलो."

चिमानं पदर तोंडात धरला. सखा त्या पोराकडे बघत राहिला.

मंगळ्याच्या नावाला पुन्हा दुसराच बोलला होता. आणि नाव तर घेतलेलं होतं. ओ मिळालेली होती. हजेरी लागली होती.

सकाळी सहाला गोरख दिवा उतरवायला गेला. चिमा पायरीवरच होती, रात्रभर. भरती वर चढत होती. त्याच खांबाला बांधलेल्या पाचही होड्या तोंडं फिरवून रोह्याच्या बाजूला ओढ घेत होत्या, पाणी नेईल तशा.

खांबाला दोर मात्र सहा होते.

सहावा जुना, शेवाळलेला. गाठीत हिरव्या लुगड्याची चिंधी. ती चिंधी चिमानं स्वतः मंगळ्याच्या दोरात वळलेली.

तो दोर पाण्यात गेला होता. त्याच्या टोकाला होडी नव्हती. काहीच नव्हतं. गोरखनं त्याला हात लावून पाहिला.

बाकीचे पाच दोर रोह्याकडे.

तो एकटा समुद्राकडे... भरतीच्या उलट... ताठ.