तीनशे दहा फेऱ्यांचा किलोमीटर

"तीनशे आठ, तीनशे नऊ, तीनशे दहा. थांबा, सातचा दगड आला," मापाडी म्हणाला आणि सायकलवरून उतरला.

"चुकलास," ताई म्हणाली. "एका किलोमीटरला चाकाचे पाचशे फेरे होतात. सहा वेळा पाचशेच भरले, मग आताच तीनशे दहा कसे?"

"मी चुकलो नाही. हा किलोमीटरच तोकडा आहे."

मापाडी म्हणजे ताईचा अकरा वर्षांचा भाऊ. आंघोळीचं पाणीसुद्धा तांबे मोजून घेणारा. सुट्टीत मामाकडे आल्यावर त्याने स्टेशनपासून नदीपर्यंतचा राज्यमार्ग मोजायला घेतला होता. सगळा मिळून अठरा किलोमीटरचा रस्ता, नकाशात नखाएवढा. मापाडीने चाकाला फडकं बांधलं होतं. फडकं वर आलं की एक फेरा. सोबत होती मामाची मुलगी, दहा वर्षांची. तिला सगळे फटाकडी म्हणत आणि ते का, हे तिने तोंड उघडलं की कळे.

"मुकादम आजोबांना विचारू," ती म्हणाली. "सगळं आयुष्य त्यांनी याच रस्त्यावर काढलंय. आणि लवकर चला, चार वाजता बाबांचा ट्रेलर येईल."

मामा आज वीजकेंद्राचा भलामोठा ट्रान्सफॉर्मर घेऊन याच रस्त्याने येणार होता. त्याला हात करायला तर तिघं एवढ्या उन्हात आली होती.

निवृत्त मुकादम सातच्या दगडासमोरच राहत. प्रश्न ऐकून ते गालात हसले.

"पूर्वी इथे रस्ता तळ्याला वळसा घालून जायचा. एकदा धुक्यात एसटी तळ्यात उतरली. माणसं वाचली, पण मग आम्ही टेकाड फोडून रस्ता सरळ केला. तीनशे ऐंशी मीटर वाचले. दगड मात्र हलवले नाहीत. पुढची प्रत्येक मोरी, प्रत्येक झाड सरकारी दप्तरात दगडावरूनच लिहिलेलं. कोण बसणार सगळं खोडत?"

मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला बांधलेला छोटा पूल, हे मापाडीला ठाऊक होतं.

"ट्रेलरसाठी एक मोरी पक्की करून झाली ना परवा?" त्याने विचारलं.

"सातच्या दगडापुढे चारशे मीटरवर आहे ती कमकुवत. पण माणसं आठवडाभर राबली त्याच्या पुढच्या मोरीवर. मला वाटलं, दोन्ही करणार असतील."

मापाडीने धुळीत बोटाने बेरीज केली. चारशे अधिक तीनशे ऐंशी.

"आजोबा, पुढची मोरी दगडापासून सातशे ऐंशी मीटरवर आहे का?"

"बरोबर. तुला कसं कळलं?"

"कामवाल्यांनी दगड पाहिलाच नाही. दप्तरात सात किलोमीटर चारशे मीटर लिहिलंय, ते त्यांनी स्टेशनपासून गाडीच्या मीटरवर मोजलं." मापाडीचा आवाज बारीक झाला. "भलतीच मोरी दुरुस्त केली त्यांनी."

फटाकडीने वळून स्टेशनकडच्या रस्त्याकडे पाहिलं. तिचे बाबा त्या कमकुवत मोरीवरून जाणार होते.

मुकादमांच्या फोनवरून ताईने मामाला तीनदा फोन लावला. मामा गाडी चालवताना फोन उचलत नसे. एरवी घरात या सवयीचं कौतुक व्हायचं, आज तिला रडू आलं. सव्वातीन वाजले होते.

कमकुवत मोरीशी पोचल्यावर मापाडी खाली उतरला. कमानीचे दोन दगड पाण्यात पडले होते आणि भेगेत त्याचा हात मनगटापर्यंत गेला. तिघं तशीच पुढच्या मोरीकडे धावली. तिथे कामावरचे सुपरवायझर झाडाखाली टेकले होते.

"काका, चुकीची मोरी झालीय. गाडी थांबवा."

"इंजिनिअर साहेबांची सही झालीय. काल अंड्यातून बाहेर आलात आणि आम्हाला शिकवता? पळा घरी."

ताई आणखी बोलणार तोच फटाकडीने तिला कोपराने ढोसलं. सुपरवायझरच्या पायाशी 'रस्ता बंद'चा बोर्ड लोळत होता.

"काका, हा बोर्ड आता लागणार नाही ना? उचलून नीट ठेवू?" ती अगदी गोड आवाजात म्हणाली.

"ठेवा की. तेवढं तरी काम करा."

तो बोर्ड तिघांनी धापा टाकत मागे आणला आणि कमकुवत मोरीच्या अलीकडे, रस्त्याच्या मधोमध नीट ठेवला. बोर्ड उभा राहतो न राहतो तोच वळणावरून इंजिनिअर साहेबांची जीप आली. मागे, माणसाच्या चालीने, मामाचा ट्रेलर होता.

साहेब जीप कडेला घेऊन उतरले. त्यांनी बोर्ड उचलून बाजूला भिरकावला आणि ट्रेलरला हात केला. "या, या. पोरांचा खेळ आहे."

ताई बोर्डाच्या जागी जाऊन उभी राहिली.

मामाने हॉर्न दिला. मग दुसऱ्यांदा दिला आणि दाबूनच ठेवला. ताई हलली नाही. ट्रेलर पुढे सरकतच होता.

"साहेब, जीपचं मीटर किती दाखवतंय?" मापाडी जिवाच्या आकांताने ओरडला.

"स्टेशनवर शून्य केलं होतं. सात झालेत. तुला काय करायचंय?"

"मग सातचा दगड इथे हवा होता. तो चारशे मीटर मागे गेला. दप्तरातली सात-चारशेची मोरी हीच!"

साहेबांनी मागे पाहिलं, मीटरकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर करून ट्रेलरकडे धावत सुटले. ब्रेक किंचाळले. ताईपासून दहा पावलांवर चाकं थांबली.

साहेब खाली उतरले. भेगेला त्यांचा हात लागला मात्र, एक दगड सुटून पाण्यात पडला. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"चूक माझी आहे," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "दगड वाचायला हवा होता. पोरांनो, तुमचे उपकार कसे फेडू?"

एव्हाना मुकादमही काठी टेकत पोचले होते. "शाबास रे," मापाडीच्या पाठीवर थाप मारत ते म्हणाले. "रस्ता सांभाळावा तर असा."

मामा मोरीखाली जाऊन आला आणि रस्त्याच्या कडेला मटकन बसला. फटाकडी त्याला घट्ट बिलगली. त्याने ताईला हाताने जवळ बोलावलं. तो रागावेल, असं तिला वाटलं.

"मी एवढा हॉर्न वाजवत होतो," मामा म्हणाला. "बाजूला का नाही झालीस?"

"मी बाजूला झाले असते, तर तू पुढे गेला असतास."

मामाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.