कोलूची जागा

श्रीपाद घारपुरे या चित्रकाराला दोन व्यसनं होती: रेल्वेनं एकट्यानं हिंडणं आणि प्रत्येक मोठ्या स्टेशनवर स्वतःचं वजन करणं. दुसरं स्वस्त होतं. फलाटावरच्या मशिनीत एक आणा टाकला की चाक फिरे, दिवे लुकलुकत आणि पुठ्ठ्याचं तिकीट टपकन खाली पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. भविष्य सगळ्यांचंच उज्ज्वल असे, म्हणून तो फक्त वजन वाचायचा. ते गेली अकरा वर्षं एकशे अठरा पौंड होतं. मशीन प्रामाणिकही होती. पायाखालच्या फळीवर कोणी उभं नसताना आणा टाकला, तर तो खालच्या वाटीत परत येई. कलेच्या व्यवहारात एवढा सरळपणा त्याला भेटला नव्हता.

१९५४च्या जानेवारीत तो चांदा जिल्ह्यात चित्रं काढायला गेला. आरमोरीहून लाकडाच्या ट्रकमध्ये चार तास धूळ खाल्ल्यावर येरंडटोला हे वीस-बावीस घरांचं गोंडांचं गाव लागलं. वनखात्याचा गार्ड देवाजी सोबत होता. तो बोलका, पोटाचा आणि झोपेचा पक्का.

गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली मेलेल्यांचे दगड उभे होते. रांगेत, गावाकडे तोंड करून. एकूण सात. सहा जुने, काळवंडलेले, शेवाळ धरलेले. मधला एक मात्र नवा कोरा, गुलाबीसर पांढरा, गुडघ्याच्या जरा वर. तो कोलूचा. दोन महिन्यांपूर्वी सागाच्या खोडाखाली सापडून गेलेला, गावातल्या सोमारी म्हातारीचा एकुलता एक पोरगा. बापाच्या शेजारी त्याला जागा दिली होती.

“मणभराचा हाये जी,” देवाजी म्हणाला. “नदीवरून दोघांनी कावडीवर आनला. जीभ बाहेर आली होती दोघांची.” एवढं सांगून तो सावलीत आडवा झाला.

घारपुऱ्यानं चित्राला हात घातला आणि तासाभरात कंटाळला. सगळा उजेड तो एकटा पांढरा दगड खात होता. मागची टेकडीही त्यानंच अडवलेली. ब्रशनं तो गाळता आला असता. पण डोळ्यांना दिसलेली वस्तू घारपुऱ्यानं आजवर चित्रातून गाळली नव्हती. या बाबतीत तो तत्त्वाचा माणूस होता. वस्तू हलवायला मात्र तत्त्वाची हरकत नव्हती. माठ, बैल, एकदा तर एका संस्थानिकाची सासूसुद्धा त्यानं उजेडासाठी खिडकीपासून उठवली होती.

त्यानं दगडाला मिठी घातली. हलणार नाही अशी त्याची निम्मी आशा होती. दगड झटक्यात वर आला. झोपलेलं पोर खांद्यावर घ्यावं तसा, हलका आणि थोडा कोमट. वीस पावलांवरच्या वारुळामागे त्यानं तो गवतावर आडवा ठेवला, हात झटकले आणि परत येऊन बसला. आता तीन दगड इकडे, तीन तिकडे आणि मधल्या फटीतून निळी टेकडी. चित्र आपोआप होत गेलं.

ते पुरं होतंय तोच ट्रकचा भोंगा वाजला. रंग ओले होते, चित्र दोन्ही हातांनी धरावं लागत होतं, ड्रायव्हर घाईवर होता. दगड जागेवर ठेवायचा राहिला. विसरला असं म्हणता येणार नाही. ट्रकवर चढताना त्यानं वारुळाकडे एकदा नीट पाहिलं होतं.

परतताना नागपूरच्या मशिनीनं एकशे पंचवीस दाखवले. जंगलातली हवा, त्याला वाटलं.

मुंबईत चित्राला पदक मिळालं. एका समीक्षकानं रिकाम्या जागेच्या सामर्थ्यावर दीड स्तंभ लिहिला. पदकापाठोपाठ देशभर हिंडायची शिष्यवृत्ती आली आणि जूनमध्ये देवाजीचं कार्ड.

देवाजीनं लिहिलं होतं: ‘कोलूचा दगड रांगेतून गेला. दोन कोस पाह्यलं, नाई गवसला. दगड मांडला तवा सोमारीनं गावाले देल्लेल्या जेवनात भात कमी पडला होता. गाव म्हनते, पोरगा मायवर रुसून उपाशी निंघून गेला. जागा रिकामी ठेवत नाईत, म्हून म्हातारी रोज दिवसभर तिथी बसून राह्यली. तुमी निंघाले तवा दगड होता का? नसंल तर कोनी नेला. होता असंल तर थो आपल्या पायानं गेला. माय पुसून राह्यली.’

घारपुऱ्यानं कार्ड दोनदा वाचलं. मग उलट टपाली लिहिलं: ‘मी निघालो तेव्हा दगड जागेवर होता. कळावे.’

पेटीत टाकताना ते कार्ड हातातून सुटेना. घामानं चिकटलं असावं.

मग तो हिंडला. हावड्याला एकशे अठ्ठेचाळीस पौंड. काशीला नावाड्यानं एकवार त्याच्या काटकुळ्या अंगाकडे, एकवार काठापर्यंत आलेल्या पाण्याकडे पाहिलं आणि त्याला मुकाट्यानं मधोमध बसवलं. दिल्लीत एकशे एकाहत्तर. त्यानं पायरीवरचा पाय उचलेपर्यंत टांग्याचं घोडं हललं नाही. हिमालयातल्या एका खेड्यात लाकडी जिना मोडला आणि मालकिणीनं जिन्याची नव्हे, त्याची चौकशी केली. शिंप्याच्या फितीत मात्र कंबर तीच होती, अठ्ठावीस. डॉक्टर मित्र म्हणाला, जरा खात जा.

मद्रासच्या लॉजवर खाटेची नवी सुंभं तुटली. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर दोनशे भरले. मशिनीजवळ उभं राहून त्यानं तिकिटाच्या पाठीवर वजाबाकी केली. ब्याऐंशी. ब्याऐंशी पौंडांचा बरोबर एक मण.

त्यानंतर वजन वाढलं नाही. वाढायचं कारणच उरलं नव्हतं. तरी मनाची तयारी करायला त्याला आणखी वर्ष लागलं.

१९५७च्या फेब्रुवारीत तो पुन्हा येरंडटोल्याला उतरला. मधल्या काळात गाव मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलं होतं. गावाला ते कोणी कळवलं नव्हतं.

“बिमार होते का जी?” देवाजीनं विचारलं. “पार वाळून गेले.” मग भाताच्या ओलसर बांधीतल्या पावलांकडे त्याचं लक्ष गेलं. त्याची स्वतःची पावलं बोटभर रुतली होती. घारपुऱ्याचे बूट घोट्यापर्यंत.

घारपुऱ्याचा बेत सोपा होता. वारुळामागून दगड उचलायचा, इथे सापडला म्हणायचं, गावाचा आणि आपला जीव सोडवायचा. तो वारुळामागे गेला. दगड नव्हता. गवतावर दगडाच्या आकाराचा फिका डाग होता. तिथली पाती अजून दबलेली. तीन पावसाळे झाले होते. तो पाहत असताना एक पातं हळूच सरळ झालं.

रांगेत मधल्या जागी सोमारी बसली होती. गुडघे छातीशी, तोंड गावाकडे. शेजारच्या दगडांवर होती तेवढीच धूळ तिच्या खांद्यांवर होती.

घारपुऱ्यानं देवाजीला सगळं सांगितलं आणि म्हातारीला सांगायला सांगितलं.

“मले कार्डावर होता म्हून लिवलं तुमी,” देवाजी म्हणाला. “मीच वाचून देल्लं थे गावाले. आता मी नाई सांगत जी. तिले मराठी समजते. तुमीच सांगा.”

घारपुरे तिच्यापुढे उभा राहिला. “बाई, कोलू गेला नव्हता. मी उचलला. चित्रासाठी. नंतर खोटं लिहिलं.”

सोमारीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. मातीत रुतत चाललेल्या त्याच्या बुटांकडे पाहत राहिली.

“जड झाला?” तिनं विचारलं.

“हो.”

“लई?”

“एक मण.”

“मंग जेवला म्हना,” सोमारी म्हणाली. “मले वाटे, उपाशी हिंडून राह्यला.”

ती हात टेकून उठली. गुडघे वाजले. जागा मोकळी करून ती बाजूला झाली.

“ठेवा इथी.”

“कसा?”

“आनला तसाच.”

त्याला दुसरं काही सुचेना. तो तिच्या जागी बसला, गुडघे छातीशी घेऊन. जमीन कोमट होती. घागर लवंडावी तसं काहीतरी पाठीतून, मांड्यांतून खाली उतरत गेलं. बराच वेळ. सोमारी पुरे म्हणेपर्यंत.

तो उठला तेव्हा अंग कापसासारखं होतं. त्याला हसू आलं. मागे वळून पाहिलं. जागा रिकामीच होती.

सोमारीनं घरून मोहाची दारू आणली. पानाचा द्रोण भरला आणि रिकाम्या जागेवर गुडघ्याच्या उंचीवरून ओतला.

दारू जमिनीवर पडली नाही. हवेत थांबली. मग दोन्ही अंगांनी ओघळत खाली आली.

देवाजीनं टोपी काढली.

सोमारीनं दुसरा द्रोण भरला. या वेळी हात जरा वर धरला. बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढा.

तीही थांबली. तीही ओघळली.

दुसरा द्रोण कोणाचा, हे घारपुऱ्यानं विचारलं नाही. सोमारी द्रोण टाकून घराकडे निघाली होती. तीन वर्षांत पहिल्यांदा दिवसाउजेडी. तिला भात टाकायचा होता.

ट्रक आला. घारपुऱ्यानं देवाजीचा निरोप घेतला. देवाजीनंही हात जोडले. “भेटू जी, साहेब,” तो म्हणाला. पण तो वळला होता रांगेकडे.

नागपूरच्या फलाटावर दुपारची गर्दी होती. घारपुरे मशिनीच्या फळीवर चढला. एकशे अठरा, तो मनात म्हणाला, आणि आणा टाकला.

चाक फिरलं नाही.

मशीन बिघडली असेल, म्हणून तो बाजूला झाला. मागच्या बाईनं कडेवरची मुलगी फळीवर उभी केली. दिवे लागले, चाक गरगरलं, तिकीट पडलं. सव्वीस पौंड.

तो पुन्हा चढला. दोन्ही पाय नीट फळीवर ठेवले. आणा टाकला.

खालच्या वाटीत तो खणकन परत पडला. आण्याला मात्र वजन होतं.