मणेरीची कळ

बायजा गभालेचा दिवस अंगफेरीने सुरू व्हायचा. अंगफेरी म्हणजे जनावराच्या सगळ्या अंगावरून, खुरांच्या बेचक्यापासून कानामागपर्यंत, तळहात फिरवायचा. खोऱ्यातल्या प्रत्येक घराला ही फेरी दिवसातून दोनदा करावीच लागे, कारण जनावरं आता स्वतःहून काही सांगत नसत. कार्तिकातल्या त्या सकाळी तिच्या हाताला बैलाच्या मागच्या खुरात बांबूची कामटी लागली. बोटभर लांब, आरपार गेलेली. बैल रात्रभर त्याच पायावर उभा राहून रवंथ करत होता. तिने कामटी उपसली, तेव्हाही त्याने मान वळवून पाहिलं नाही.

बाहेर अंगणात माणसं जमत होती. त्यांचे आवाज तिला ऐकू येत होते. तिने जखम धुतली, हळद भरली आणि मगच बाहेर आली.

अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, कड्याखाली वसलेल्या वाकणवाडीत पंचवीस-तीस घरं होती. सगळी भाताची आणि डांगी गुरांची. चार महिने पाऊस झोडपून काढायचा, तेव्हा गुरं गोठ्यात. भात कापलं की खाचरांत मोकळी. उन्हाळ्यात पाण्यासाठी धरणाच्या काठाला. हे चक्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. बदलली होती ती गुरं.

सव्वीस वर्षांपूर्वी डॉ. शर्वरी कारखानीस यांच्या प्रयोगशाळेत पहिलं शांतवंशी वासरू जन्मलं. त्यामागची कल्पना साधी होती. शरीराला कुठेही इजा झाली, की तिची बातमी मज्जातंतूतून मेंदूकडे निघते. ती निघायची, तर तंतूच्या टोकाशी असलेलं प्रथिनाचं एक सूक्ष्म दार उघडावं लागतं. दार उघडलं की सोडियमचे कण आत शिरतात आणि तारेतून वीज धावावी तशी बातमी धावते. दार उघडलंच नाही, तर इजा होते पण दुखत नाही. डॉक्टरांनी त्याला कळद्वार म्हटलं आणि ते दार घडवणारं जनुकच बंद करून टाकलं. पुढे कळबंदीचा कायदा आला. दुखणारं जनावर पाळणं म्हणजे क्रूरता ठरली. जुन्या, कळवंशी गुरांना एक इंजेक्शन मिळू लागलं. ते आहे त्या कळद्वारांवर कायमचं झाकण बसवी. गाडीत कोंबलेली गुरं, नाकात ओवलेली वेसण, डागण्या हे सगळं पाहून रडलेल्या एका मुलीने मोठेपणी जगाला दिलेली ती देणगी होती. त्यात खोट काही नव्हती.

मात्र नाकातल्या वासाच्या तंतूंनाही तेच दार लागतं. त्यामुळे शांतवंशी गाईला वास येत नसे. बुरशी चढलेला पेंढा ती मुकाट खाई. तिला कळा येत नसत, म्हणून व्यायल्याचं तिचं तिलाच कळत नसे. वासरू चिखलात पडायचं आणि ती चरत पुढे निघून जायची. मग माणसांनी ते उचलायचं, पुसायचं, बाटलीने पाजायचं. खोऱ्याला याचीही सवय झाली होती.

अंगणात सर्वांत पुढे किसन उभा होता, बायजाचा धाकटा दीर. तिचा नवरा गेल्यापासून दोन घरांत बोलणं नव्हतं.

"गाय कुठंय वैनी?" त्याने विचारलं.

"कुठली गाय?"

"अकरा दिवस दुधाची गाडी फाट्यावरून परत जातीय. गावात एक जरी कळवंशी जनावर निघालं, तर साऱ्या गावाचं दूध बंद. आमी रोज ओढ्यात ओततोय, आन्‌ तुमी इचारता, कुठली गाय?"

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हातारीचा गोठाच पेटवा!"

आदल्या आठवड्यात तिच्या पाण्याचा पाइप कापला होता. परवा भाताच्या पेंढ्या खाचरातल्या पाण्यात लोटल्या होत्या. कोणी, ते तिला ठाऊक होतं. त्यातले निम्मे आता अंगणात होते.

"तक्रार तुमी केली ना भावजी?" बायजा म्हणाली.

"मीच केली. म्याडम आल्याती बगा."

जीपमधून डॉ. कारखानीस उतरल्या. पासष्टीच्या, पांढऱ्या केसांच्या. सरकारच्या आग्रहावरून तपासणीचं काम त्या स्वतः पाहत. त्यांच्यामागून पेटी घेऊन सारिका उतरली. ती किसनचीच मुलगी, तेवीस वर्षांची, जिल्ह्यातली सर्वांत तरबेज पशुसेविका. लहानपणी ती बायजाच्याच घरी वाढली होती आणि दोन्ही घरांत जाणं-येणं असलेली ती एकटीच होती.

"मोठी आई," ती म्हणाली, "वरच्या झापात आहे ना गं? सांगून टाक. मॅडम रागावत नाहीत."

तेवढ्यात कड्याच्या बाजूने एक आवाज आला. लांबलेला, खोल, शेवटी चिरकणारा. अंगणातली म्हातारी माणसं एकदम गप्प झाली. तरुण पोरं एकमेकांकडे पाहू लागली. एकाने विचारलं, "कसलं यंत्र आहे?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. असं हंबरणं त्यांनी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

"ती व्यायला झालीय," बायजा म्हणाली आणि चढाकडे धावत सुटली.

झाप म्हणजे कारवीच्या कुडाचा, पेंढ्याने शाकारलेला एक आडोसा. मणेरी गाय तिथे खांबाला बांधलेली होती. काळ्यावर पांढरे ठिपके असलेली, डोळे पांढरे झालेली, पोटाकडे मान वळवून वळवून पाहणारी. किसन, डॉक्टर आणि सारिका मागोमाग पोचले. बाकीचे खालीच थांबले. त्या आवाजाजवळ यायला कुणी राजी नव्हतं.

"सारिका, इंजेक्शन काढ," डॉक्टर म्हणाल्या. "हिला आत्ताच्या आत्ता शांत करू."

"आत्ता दिलंत तर ती जोर लावायची नाय," बायजा म्हणाली. "वासरू आतच मरंल. मोकळी होऊ द्या, मग द्या काय ते."

"किती भोगतेय ती, दिसत नाही तुम्हाला?"

"दिसतंय. तुमच्यापेक्षा जास्त दिसतंय."

"मग का ठेवलीत? का, बाई?"

बायजाने बाही वर सारली. "तीन सालांमागं पेंढ्याला बुरशी आली. माझी चार जनावरं ती खाऊन उभ्या उभ्या मेली. एकानंबी खुणावलं नाय. हिनं नाक फिरवलं, पाय आपटले, म्हणून उरलेली वाचली. पावसाळ्यात खुरं सडायला लागली, की ही आधी लंगडते. मग मी बाकीच्यांची बघते. धा जनावरांत एक तरी सांगणारं हवं."

"म्हणजे बाकीच्यांसाठी हिने दुखणं सोसायचं. तुमच्या सोयीसाठी."

बायजा हाताला तेल चोळू लागली. "व्हय," ती म्हणाली. "माझ्या सोयीसाठीच. आन्‌ तिच्याबी. बाकीच्यांना मी रोज चाचपते, तरी ती कशी हाईत ते मला ठावं नसतं. हिचं ठावं असतं."

किसन म्हणाला, "भाषण नगं. दुपारच्या गाडीला दूध जायला पायजे."

"व्याली की देऊ," डॉक्टर म्हणाल्या.

वासराचा एक पाय आला होता, दुसरा गुडघ्यात दुमडून आत अडकला होता. दोन कळांच्या मधल्या उसंतीत बायजाने हात कोपरापर्यंत आत घातला, वासरू मागे लोटलं आणि दुमडलेलं खूर मुठीत धरून पुढे आणलं. सारिकाने ओढयंत्र लावलं. लोखंडी चौकट, साखळी आणि फिरवायचा दांडा, एवढंच ते यंत्र. शांतवंशी गाई स्वतः जोर लावत नसत, म्हणून खोऱ्यात सगळीच वासरं त्याने ओढून काढत. सारिकाने साडेतीनशे बाळंतपणं अशी केली होती. तिने दोन्ही पायांना साखळी अडकवली.

"थांब गं. माझा हात आत हाय," बायजा म्हणाली. "कळ येऊ दे. ती जोर लावंल तवाच ओढायचं."

"तसं काही नसतं मोठी आई. कधीही ओढता येतं," सारिका म्हणाली आणि तिने दांडा फिरवला.

मणेरी किंचाळली आणि अंग टाकून बाजूला वळली. तिची मांडी आणि लोखंडी चौकट यांच्यामध्ये बायजाचा हात सापडला. हाड मोडल्याचा आवाज झाला. बायजा ओरडली, पुन्हा ओरडली. तिचा चेहरा राखेसारखा झाला. सारिका तिच्यापासून हातभर अंतरावर होती, तिच्या तोंडाकडे पाहत होती. पाहत पाहत तिने दांड्याचा आणखी एक वेढा घेतला.

डॉक्टर आणि किसन एकाच वेळी झेपावले. किसनने मुलीला खांद्याने धक्का देऊन पाडलं, डॉक्टरांनी साखळी सोडली. बायजाचा हात सुटला आणि कोपराखाली भलत्याच बाजूला लोंबू लागला.

मणेरीला पुढची कळ आली. बायजाने डाव्या हाताने वासराचा पाय धरला, किसनने दुसरा. "आता," ती म्हणाली. गाईने जोर लावला, दोघांनी ओढलं आणि वासरू वाफाळत पेंढ्यावर पडलं. कालवड होती.

मणेरी वळली. तिने नाक खाली नेलं, लांब श्वास घेतला आणि वासराला चाटू लागली. घशातून बारीक आवाज काढत ती तोंडापासून चाटत निघाली. किसन पाहत राहिला. त्याच्या गोठ्यात कित्येक वर्षांत कुठल्या गाईने वासरू चाटलं नव्हतं. त्याने तोंड फिरवलं आणि डोक्याचा टॉवेल सोडून वहिनीच्या हाताला झोळी बांधू लागला.

"मॅडम, मला का ढकललं?" सारिकाने कपडे झटकत विचारलं. ती चिडली नव्हती, गोंधळली होती. "वासरू येत होतं की."

"ती ओरडत होती, सारिका!"

"कोण?"

"दोघीही!"

"हो, आवाज येत होता," सारिका म्हणाली. "मी बघितलं ना लगेच. रक्त कुठेच नव्हतं."

डॉक्टर तिच्याकडे पाहत राहिल्या. स्वतःला लागलेलं प्रत्येकाला कळतं; त्यासाठी शिकावं लागत नाही. पण दुसऱ्याच्या अंगातली कळ आपल्याला दिसते, ती जन्मजात दिसते, असं त्या धरून चालल्या होत्या. या खोऱ्यातली पोरं आईबापांपेक्षा गुरांच्या सोबतीत जास्त वाढायची. चिमटा काढला की अंग चोरणारं वासरू, शेपूट पिरगळली की हंबरणारी गाय, हे त्यांचे पहिले धडे होते. कळबंदी आली आणि ते बंद झाले. त्यानंतरच्या पोरांनी काहीही केलं, तरी समोरचे मोठे डोळे तसेच शांत राहत. आणि ही मुलगी वाईट नव्हती. तेच सर्वांत भयंकर होतं.

डॉक्टर बायजाच्या हाताला पट्ट्या बांधायला बसल्या. किसनने हात धरून ठेवला. बांधून झालं तेव्हा मागून सारिका म्हणाली, "मॅडम, काम झालं."

तिच्या हातात रिकामी सिरिंज होती. "दोघींनाही दिलं. आईला आणि कालवडीला. दुपारची गाडी मिळेल आता."

"तुला कोणी सांगितलं?" डॉक्टर ओरडल्या.

"तुम्हीच. व्याली की देऊ म्हणालात ना?"

औषध भिनायला पाव तास लागला. मणेरी मान आणि पाठ संपवून कालवडीच्या मागच्या पायांपर्यंत आली होती. तिची जीभ हळू झाली. तिने एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग डोकं वर केलं आणि समोरच्या कुडातली गवताची काडी ओढून चघळू लागली. अर्धी ओली कालवड उभी राहण्यासाठी धडपडली आणि तिच्या पायात येऊन पडली. मणेरीने तिच्या कानावर खूर ठेवलं. दोघींपैकी कुणीही हललं नाही. किसननेच धावत जाऊन कालवडीला ओढून काढलं.

बायजा रडत होती. सारिका तिच्याजवळ उकिडवी बसली आणि मायेने तिच्या पाठीवरून तळहात फिरवू लागली; खांदे, मान, कानामागे.

"आणखी कुठे काही नाही मोठी आई," ती म्हणाली. "बघ, मणेरी किती शांत झाली. आता का रडतेस?"

बायजाने तिचा हात झिडकारला. "माझ्या दारात परत येऊ नको," ती म्हणाली. सारिका बापाकडे वळली, पण तोही तिच्याकडे पाहत नव्हता.

जीप घाट उतरू लागली तेव्हा डॉक्टरांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि त्या फोन घेऊन लांब जाऊन उभ्या राहिल्या. महिन्यापूर्वी त्यांनीच सारिकासाठी शिफारसपत्र लिहिलं होतं: प्रसूतीच्या कामात अत्यंत कुशल, थंड डोक्याची. सोमवारी ती तालुक्याच्या प्रसूतिगृहात रुजू होणार होती. बायकांच्या.

"ती शिफारस मला मागे घ्यायची आहे," त्यांनी तिथल्या प्रमुख बाईंना सांगितलं आणि जे घडलं ते जमेल तसं समजावलं.

मग प्रमुख बाई, आवाजावरून पंचविशीच्या वाटल्या, नम्रपणे म्हणाल्या, "पण मॅडम, यात चूक काय झाली ते कळलं नाही. आमच्याकडच्या सगळ्याच मुली असंच काम करतात. बायका आवाज फार करतात, पण आम्ही रक्त बघतो ना."