भिंतीत शिरलेला राघू

"अरे, तो भिंतीत शिरला!" चष्मिस ओरडला.

"कोण? ऊन लागलंय तुला!" ताई हसली.

"वेडा राघू, तो किडे खाणारा हिरवा पक्षी! चोचीत चतुर किडा होता. सरळ मातीत घुसला आणि गायब!"

सुट्टीत मामाच्या वीटभट्टीवर आलेली तिन्ही भावंडं मातीच्या, भिंतीसारख्या उभ्या दरडीकडे धावली. दरडीत लिंबाएवढी भोकं होती. धाकट्या पिटुकलीने एका भोकाला कान लावला.

"आत कुणीतरी कुरकुरतंय! पिल्लं आहेत!"

तेवढ्यात माती खोदायचं यंत्र घरघरत आलं. मागोमाग मामा.

"सरका रे! ही दरड कापायचीय."

"मामा, आत राघूची पिल्लं आहेत!"

"कसली पिल्लं? उंदरांची बिळं ती!"

ताईने क्षणभर विचार केला. "मग आपण बघूच! भोकांच्या तोंडाशी राख पसरतो. उंदीर असला तर शेपटीची खूण उमटेल. नाही उमटली, तर तू माती पलीकडून कापायची."

"बरं बाई! माझं जेवण होईपर्यंत काय ते करा."

चष्मिसने भट्टीतली राख चाळली, ताईने ती अलगद पसरली. तिघं दरडीजवळच बसली. हिरवागार राघू तारेवर आला, चोचीतला चतुर त्याने तारेवर आपटला. पण तो खाली उतरेना. इकडे मामाचं जेवण आटपत आलेलं!

"अगं, तो आपल्यालाच घाबरतोय!" पिटुकली कुजबुजली.

तिघं रांगत लांबच्या झुडपामागे गेली. सुर्रकन राघू आला आणि भोकात शिरला!

मामा हात पुसत आला. राखेत पायांच्या दोन बारीक रेघा होत्या, शेपटीची खूण नव्हती.

"वाऱ्याने झालं असेल," म्हणत त्याने भोकात डोकावलं. फुर्रर्र! राघू त्याच्या नाकासमोरून उडाला आणि मामा धपकन खाली बसला!

यंत्रवाले काका पोट धरून हसले. "साहेब, उंदराला पंख फुटले की!"

मामालाही हसू फुटलं. "शाबास रे पोरांनो! मी रोज इथेच उभा असतो, पण माझ्या कधी लक्षात आलं नाही. पिल्लं उडून जाईपर्यंत या बाजूला कुणी फावडंसुद्धा लावायचं नाही!"

काकांनी यंत्र वळवलं आणि जाता जाता जोरात भोंगा वाजवला.

"अहो, हळू!" मामा दबक्या आवाजात त्यांच्यावर डाफरला. "घरात लहान मुलं आहेत!"