खूण मागे द्यायची

ताईंचं चष्म्याचं दुकान होतं. आठवडाभर त्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकांना खुर्चीत बसवून समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावत, आणि दिसत नसताना दिसतंय म्हणणारा माणूस त्यांना मुळीच खपत नसे. "अंदाजाने सांगू नका, दिसत असेल तेवढंच सांगा," हे वाक्य त्या इतक्यांदा म्हणत की घरात किल्ल्या सापडेनाशा झाल्या की मास्तर त्यांना तेच ऐकवायचे. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. शाळेत कवायत शिकवायचे आणि आवाज असा खणखणीत होता की मैदानाच्या दुसऱ्या टोकाचं पोरगंसुद्धा आपोआप ताठ व्हायचं.

सुटीच्या दिवशी सकाळी दोघं सायकली घेऊन तलावाच्या रस्त्याला लागायची. सोबत बेकरीवाला असायचा, भट्टीसमोरून थेट आलेला, मनगटापर्यंत पिठाने माखलेला. आणि एकाच घरातल्या नणंद-भावजय, ज्या घरात एकमेकींशी कामापुरतंच बोलत आणि सायकलवर बसल्या की गप्प म्हणून राहत नसत. शहर संपलं की तलावाच्या काठाने सपाट रस्ता होता, मग पाण्याच्या टाकीपर्यंत दमवणारा चढ, आणि टाकीपलीकडे निलगिरीच्या झाडीतून वळणं घेत पुलापर्यंत जाणारा उतार. त्या उतारापायी अर्धं शहर तिकडे सायकली घेऊन यायचं.

पाच जण एकामागे एक चालायचे. अशा रांगेत पहिल्यालाच रस्ता दिसतो, बाकीच्यांना दिसते ती पुढच्याची पाठ. म्हणून मास्तरांनी पहिल्याच दिवशी शिस्त लावून दिली होती. पुढच्याने पाठीमागे हात नेऊन खूण केली की आधी ती तशीच मागे द्यायची, कशाला आणि का हे नंतर बघायचं. तळवा हलवला तर खाली काच किंवा खडी, मूठ वर केली तर जागच्या जागी थांबा. मास्तर स्वतः शेवटी असत. त्यांच्यामागे खूण द्यायला कुणी नसे, म्हणून ते मोठ्याने "पोहोचलं" म्हणून ओरडत आणि पहिल्याला कळे की रांग सावध झाली. खाली पुलाजवळ सुखरूप उतरलं की प्रत्येकाने आपल्या पुढच्यासाठी एकदा घंटी वाजवायची. ताई सगळ्यांच्या पुढे असल्यामुळे त्यांना कुणासाठी वाजवायची वेळच येत नसे, आणि त्यांची घंटी गंजून घट्ट बसली होती. बेकरीवाला त्यावरून त्यांना चिडवायचा.

मग कुणीतरी त्या उतारावर खिळे टाकायला लागलं. बारीक, चपट्या डोक्याचे, टोक वर राहील असे. सुरुवातीला पंक्चर झाली की लोक नशिबाला बोल लावत. पण खिळे नेमके वळणावरच असत, जिथे सायकलवाला कडेला झुकतो तिथेच, आणि नवे कोरे असत. हे मुद्दाम चाललंय हे सगळ्यांना कळून चुकलं. एका सकाळी पुढचे चौघं त्यातून सहीसलामत गेले आणि मास्तरांच्या पुढच्या चाकात खिळा घुसला. खुब्याचं हाड मोडलं.

मास्तर कित्येक महिने घरी होते. डॉक्टरांनी ताईंना बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, की हाड जुळेल, सायकलही चालवतील, पण त्याच बाजूवर पुन्हा पडले तर विषय संपला; मग काठी कायमची, कदाचित खुर्ची. ताईंनी हे मास्तरांना सांगितलं नाही. मास्तरांना ते माहीत होतं आणि त्यांनीही ताईंना सांगितलं नाही.

बाकीच्यांनी हातपाय गाळले नाहीत. पोलिसांत तक्रार दिली. बेकरीवाल्याने भट्टीच्या सळईला लोहचुंबक बांधलं आणि चौघं पाळीपाळीने उतार झाडून काढू लागले. डबाभर खिळे निघत, पुढच्या सुटीला पुन्हा तेवढेच. नणंदबाई म्हणायच्या, एवढ्या खिळ्यांत त्या माणसाचं स्वतःचं एक घर उभं राहिलं असतं.

त्याच दिवसांतली गोष्ट. धुकं होतं. ताई टाकीवरून उतरायला लागल्या आणि पुढच्या वळणावर त्यांना एक सायकलवाला दिसला. राखी अंगरखा, पाठीवर वाळलेल्या चिखलाची उभी रेघ, मागच्या मडगार्डवर पांढरा ठिपका. आपल्यापुढे कुणी असेल असं ताईंना वाटलं नव्हतं. त्या माणसाने डावा हात पाठीमागे आणला आणि तळवा हलवला.

सवयीने ताईंचाही हात मागे गेला. रांग सावकाश झाली. शेवटी असलेला बेकरीवाला "पोहोचलं" म्हणून ओरडला, आणि जरा वेळाने झाडीतून तोच शब्द पुन्हा आला. वळणावर रस्ताभर खिळे पसरलेले होते. त्यातून कुणी सायकल नेल्याचा मागमूसही नव्हता.

"तो पुढचा कुठे गेला?" ताईंनी विचारलं.

"कोण पुढचा?" भावजय म्हणाल्या. "पुढे तर तुम्हीच होता."

दुसऱ्या दिवशी ताई शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका अनोळखी दुकानात गेल्या, आपण कोण हे न सांगता खुर्चीत बसल्या आणि डोळे तपासून घेतले. त्या दुकानदाराने त्यांना अंदाजाने न सांगण्याची तंबीही दिली. नजर उत्तम आहे, चष्मा लागत नाही, असं तो म्हणाला. ताई पैसे देऊन बाहेर आल्या आणि बराच वेळ फुटपाथवर उभ्या राहिल्या.

त्यानंतर तो माणूस त्यांना आणखी काही वेळा दिसला. कधी वळणावर, कधी चढाच्या टोकाला, नेहमी पाठमोरा, नेहमी तेवढ्याच अंतरावर. ताईंनी वेग वाढवला तरी अंतर तेवढंच राही. त्याने खूण केली तिथे खिळे असत. कुणाला सांगावं तर काय सांगावं? आणि खरं म्हणजे त्यांना त्याची भीती वाटत नव्हती. रात्री दिवा मालवताना त्या मनातल्या मनात त्या पाठीचे आभार मानत, आणि मग स्वतःलाच वेड्यात काढून कुशीवर वळत.

डॉक्टरांनी परवानगी दिली आणि मास्तर परत रांगेत आले. त्या सकाळी ताईंनी त्यांच्या सायकलचे ब्रेक स्वतः ओढून बघितले, चाकं फिरवून बघितली, मग पुन्हा ब्रेक बघितले.

"अगं, ते झिजतील," मास्तर म्हणाले.

"तुम्ही आज मध्ये चला. शेवटी बेकरीवाला राहील."

"माझी जागा शेवटची," मास्तर म्हणाले आणि हेल्मेट घातलं. इतक्या महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना रंग दिसत होता.

आकाश स्वच्छ होतं. धुक्याचं नावही नव्हतं. आदल्या संध्याकाळी चौघांनी उतार झाडून काढला होता. टाकीपाशी सगळे पाणी प्यायले. मास्तरांना चढाने धाप लागली होती, पण हसत होते. बेकरीवाल्याने पिशवीतून ताजे पाव काढून सगळ्यांना दिले, आणि ते गरम पाव खाताना ताईंना वाटलं की आणखी काही मागायचं उरलं नाही, फक्त खाली पोहोचू दे.

उतार सुरू झाला. ऊन निलगिरीच्या खोडांतून तिरपं येत होतं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. सायकली वेगात आल्या.

तिसऱ्या वळणाआधी तो दिसला. भर उन्हात, स्वच्छ. राखी अंगरखा, चिखलाची रेघ, पांढरा ठिपका.

त्याने तळवा हलवला नाही. त्याने मूठ वर केली.

ताईंनी रस्ता पाहिला. रस्ता कोरा होता. खिळा नाही, काच नाही, पानसुद्धा नाही. त्यांचे डोळे सांगत होते की थांबण्यासारखं काहीही नाही. आणि या वेगात ब्रेक दाबायचे, मागे मास्तर असताना, त्या खुब्यासह.

खूण आधी मागे द्यायची.

त्यांनी मूठ वर केली आणि ब्रेक दाबले.

चाकं किंचाळली. कुणीतरी ओरडलं. रबर जळल्याचा वास आला.

"पोहोचलं," मागून आवाज आला.

ताई थांबल्या. मागे नणंदबाई थांबल्या, भावजय, बेकरीवाला. मास्तरांची सायकल घसरत घसरत आली, आडवी झाली, आणि मास्तर एका पायावर उभे राहिले. उभे होते. ताई सायकल तशीच टाकून त्यांच्याकडे धावल्या आणि त्यांचा दंड धरला. सोडायचं त्यांना सुचेना.

बेकरीवाला वळणापलीकडे चालत गेला आणि हात पुढे धरून परत आला, जसा माणूस अंधारात चाचपडतो. "कुणी पुढे येऊ नका," तो म्हणाला.

दोन झाडांच्या मध्ये रस्त्यावर आडवी तार बांधली होती. राखी, बारीक, सायकलवर बसलेल्या माणसाच्या गळ्याच्या उंचीवर. हातभर अंतरावर उभं राहूनही ताईंना ती दिसली नाही. त्यांनी बोट लावलं तेव्हा कळलं. बोटाला बारीक चीर पडली आणि त्या चिरेकडे बघत त्या रस्त्यातच खाली बसल्या. रडू आलं, ते भीतीचं नव्हतं.

पोलिसांची वाट बघत सगळे कठड्यावर बसले. बेकरीवाल्याने उरलेला पाव मोडून वाटला.

"तुमचा आवाज ऐकला तेव्हा जिवात जीव आला," ताई मास्तरांना म्हणाल्या.

"कसला आवाज?"

"पोहोचलं म्हणालात ना."

"मी कुठला म्हणतोय," मास्तर म्हणाले. "चढाने छाती भरलेली होती. तोंडातून शब्द फुटला नाही. हात तेवढा मागे गेला, आपसूक." मग हळू आवाजात म्हणाले, "मलाही ऐकू आलं ते. माझ्या मागून."

झाडीतला प्रतिध्वनी असेल, असं बेकरीवाला म्हणाला. कशाचा प्रतिध्वनी, हे कुणी विचारलं नाही.

तार बांधणारा दोन-चार दिवसांतच सापडला. उताराच्या वर झाडीत त्याचं एकट्याचं घर होतं आणि घरात खिळ्यांची खोकी होती. ठाण्यातल्या साहेबांनी ताईंना आणि मास्तरांना बोलावून घेतलं, चहा मागवला आणि सांगितलं की माणूस साधा दिसतो, कबुलीही सरळ दिली. म्हणतो, सायकलवाल्यांमुळे डोळ्याला डोळा लागत नाही.

"आम्हा पाच जणांमुळे?" मास्तरांनी विचारलं.

"पाच नाही म्हणतो." साहेब हसले. "उजाडायच्या आधीपासून खिडकीखालून जायला लागतात म्हणतो, एकामागे एक, आणि संपतच नाहीत. खिळे टाकून पाहिले तरी थांबेनात, म्हणून तार बांधली. काय बोलायचं अशा माणसापुढे?"

मास्तरही हसले. ताईंनी चहाचा कप बशीत ठेवला.

पुढच्या सुटीला पाचही जण पुन्हा गेले. न जाण्याचा विचार एकट्या-एकट्याने प्रत्येकाने केला असेल, पण बोलून कुणी दाखवला नाही. आदल्या रात्री ताईंनी घंटीला तेल घातलं होतं आणि ती अंगठ्याने हलती करून ठेवली होती. मास्तरांनी ते पाहिलं होतं आणि विचारलं नव्हतं.

उतार निर्धोक होता. त्या दिवशी ताईंच्या पुढे कुणी दिसलं नाही. खाली सपाटीवर पूल आला. मास्तर मागे होते, उभे, धडधाकट, घाम पुसत. ताईंना एकदम भरून आलं. त्यांनी रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पुढच्यासाठी घंटी वाजवली.

नणंदबाईंनी वाजवली. भावजयींनी वाजवली. बेकरीवाल्याने, मग मास्तरांनी.

मग मास्तरांच्या मागे एक घंटी वाजली.

मग तिच्या मागे आणखी एक, जरा जुन्या आवाजाची. मग आणखी एक, वळणापलीकडून. मग वर झाडीतून, मग टाकीच्या बाजूने, एकामागे एक, प्रत्येक एकदाच, घाई न करता, आपली पाळी येईल तशी. नणंद-भावजयींनी एकमेकींचे हात धरले होते. बेकरीवाल्याची मान ताठ झाली होती. ताईंना वाटलं, आपण घाबरायला हवं. पण घंट्या ऐकत असताना त्यांच्या मनात एवढंच येत होतं की ही एवढी सगळी माणसं सुखरूप उतरली.

घंट्या थांबत नव्हत्या.

"चला," मास्तर हळूच म्हणाले. "आपण रस्त्यात उभे आहोत. मागची मंडळी खोळंबलीत."

ताईंनी पेडलवर पाय ठेवला. मागे वळून कुणीच पाहिलं नाही.