तिसरा ठोका

किशोर मुरबाडला निघाला तेव्हा हर्षालीनं बाळाच्या पोटदुखीचं औषध आणायला सांगितलं होतं. परत गावी, डोळखांबला, जीपमधून तो उतरला हेडफोन घेऊन. अशी अक्कल नवऱ्यांनाच सुचते.

"यानं झोप येते," तो म्हणाला. "दोन कानांत दोन सूर, जरासेच वेगळे. डोक्यात तिसराच ठोका पडतो. बाहेर तो कुठंच नाय, मेंदू बनवतो."

"मला कान किती, ते लग्नाआधी मोजलं नव्हतं का तुम्ही?"

लहानपणी गालगुंडात तिचा डावा कान गेला होता. झोपेत उजव्या कुशीवर वळलं तर बाळाचं रडणं ऐकू येणार नाही, या धास्तीनं बाळंतपणापासून ती धड झोपलीच नव्हती. आणि हा ठोका ऐकायला दोन्ही कान लागतात, एवढं बीएस्सी झालेल्या बाईला कळत होतं. किशोरला कुठून कळणार?

दुपारी सासू बाईजा ओट्यावर नाचणी पाखडत होती. बाळ झोळीत निजलेलं. नवऱ्याचा मूर्खपणा सिद्ध करायचा म्हणून हर्षालीनं फोनवर ते सूर लावून हेडफोन चढवले. उजवीकडे एकसुरी घूं. डावीकडे अर्थातच काही नाही. ती तुच्छतेनं हसली.

मग सूर हिंदकळू लागला. घूं... घूं... घूं...

म्हणजे डावीकडूनही कुणीतरी ऐकत होतं.

वा, बीएस्सी आणि भुतं. स्वतःवरच चरफडत तिनं हेडफोन काढले, फोन बंद केला. ठोका चालूच. चुलीच्या धुरात आंबट दुधाचा वास मिसळला. तिनं उजव्या कानावर तळहात घट्ट दाबला. आता काहीच ऐकू यायला नको होतं.

डाव्या कानात एक बाळ रडत होतं.

ती झोळीकडे धावली. तिचं बाळ गाढ झोपेत, ओठ मिटलेले. तिनं हात काढला.

"आई... कोण रडतंय?"

बाईजानं सूप खाली ठेवलं. "कोण नाय गो. पोर निजलाय. तूपण पड जरा..."

रडणं भुकेनं चिरकलं. हर्षालीला पान्हा फुटला, फक्त डावीकडे. तशी स्तनाला चोखल्यासारखी ओढ लागली, आणि रडणं एकदम थांबलं. त्या जागी तोच संथ ठोका. चुटूक... चुटूक... चुटूक...

तिनं छातीशी हात नेला.

गाऊन कोरडा होता.