वागियेमची शेवटची रात्र

कानातलं ते काढ आधी, गिलांग. पहाऱ्याच्या चौकीत येऊन झोपायची तयारी करतोस?

"म्बाह आजोबा, झोपायला नाही. यात रात्रभर बारीक आवाज चालू राहतो. मग स्वप्नातच कळतं की हे स्वप्न आहे. पाहिजे तिथं उडता येतं."

उड हो, उड. जागेपणी भिंतीवरून उडी मारता येत नाही तुला. आमच्या सार्जोनोनंही हाच उद्योग केला होता. ऐका.

चार वर्षं झाली. गुरुवारची रात्र, उजाडता शुक्रवार क्लिवोनचा, म्हणजे भुतंखेतं फिरायची रात्र. मी त्याच्याकडे चटया पोचवायला गेलो होतो. त्याची बायको वागियेम, तिला जाऊन हजार दिवस भरत होते. प्रार्थना, जेवण, अख्खं गाव येणार. हजारावा झाला की गेलेलं माणूस पुन्हा स्वप्नातसुद्धा येत नाही. म्हणून त्या रात्री निरोप द्यायचा असतो, हाक मारायची नसते. आणि सार्जोनोला नेमकी हाकच मारायची होती.

बाई रात्री लुरिकचं, पट्ट्यापट्ट्यांचं कापड विणायची. सूतही स्वतःच निळीत रंगवायची. घर तिच्या मागावर चालायचं, आणि हा आतून ओरडायचा, "बंद कर ती खटखट! माणसाला झोपू देशील का नाही?" एका रात्री खटखट मध्येच थांबली. सार्जोनो जागाच होता. त्याला वाटलं, सुटलो एकदाचा. कूस बदलली आणि ढाराढूर झोपला. सकाळी ती मागाखाली पडलेली. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत धुगधुगी होती.

हे त्यानं फक्त मला सांगितलं होतं. त्याला एकदाच तिची माफी मागायची होती, बस. स्वप्नात ती यायची, पाठमोरी. पण हे स्वप्न आहे हेच त्याला कळायचं नाही. मेला तिथंही तिच्यावर खेकसायचा! मग जागा होऊन उशीत तोंड खुपसून रडायचा. मला त्याची कीव यायची आणि संतापही यायचा. बायको जिवंत असताना कुठं गेलं होतं हे रडू?

मग त्याचा पुतण्या बायू आला, योग्याकार्ताला शिकणारा. त्यानं शेजारच्या गावातल्या मागाचा आवाज मोबाइलमध्ये भरून आणला.

"काका, आपला माग तुम्ही विकलात ना? मग झोपेत खटखट ऐकू आली की ओळखायचं, हे स्वप्न आहे. खेकसायचं नाही. काकूशी नीट बोलायचं. दोन वाजता आपोआप चालू होईल."

मी म्हटलं, "अरे, निदान आजची रात्र तरी सोड. आज तिला जाऊ दे."

"आजची शेवटची आहे," सार्जोनो म्हणाला. "उद्या कुणाशी बोलू? थडग्याच्या दगडाशी?"

पाहुणे गेले. बायूही गेला. मी ओसरीवर आडवा झालो.

बरोबर दोन वाजता आवाज सुरू झाला. अगदी बारीक. खट... खट...

मी दारातून डोकावलो. सार्जोनो उताणा. डोळे मिटलेले. ओठ हलत होते.

"वागियेम... ओळखलं मी. हे स्वप्न आहे."

खट... खट...

"इकडे बघ ना. एकदाच..."

माग थांबला.

मोबाइल चालूच होता. पडद्यावर सेकंद पुढं सरकत होते. आवाज मात्र नाही.

"त्या रात्री मी जागा होतो गं... मला..."

आणि खोलीतून बाईचा आवाज आला. वागियेमला मी तिच्या लग्नापासून ओळखत होतो, पोरांनो.

"श्श्... आता मला झोपू दे."

मी हललो नाही. खोटं कशाला सांगू, हलताच आलं नाही.

सकाळी विचारलं, "वळली का रे?"

त्यानं मान डोलावली.

"माफ केलं?"

त्यानं तोंड उघडलं... मिटलं. नंतर तीन वर्षं जगला. कुणाशी एक शब्द बोलला नाही.

गेल्या वर्षी गेला. मयत मीच धुतलं. त्याच्या ओठांवर उभा निळा डाग होता, त्या सकाळपासूनचा. सूत रंगवायच्या निळीचा. बाईच्या एका बोटाएवढा, बोटावरच्या रेषांसकट. साबण लावला. लिंबू चोळलं.

निघाला नाही. तसाच पुरला.